पावणेदोन लाख बघे

गाड्यांचा सिग्नल लाल असताना, पांढऱ्या पट्ट्यांवरून, नियमाप्रमाणे रस्ता ओलांडणाऱ्या एका शिंप्याला मोटारीने उडवले. नियम पाळणाऱ्याचे जे व्हायचे तेच झाले. उजवा पाय घोट्यात मोडला, आणि शिलाई मशीन चालवणारा पाय नेमका तोच. मशीन बंद म्हणजे चूल बंद. म्हणून प्लॅस्टर सुकताच बायकोने त्याला नुकसानभरपाई कार्यालयात नेले. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होते. लिफ्ट अधिकाऱ्यांसाठी राखीव असल्याची पाटी मात्र तळमजल्यावरच होती.

"अर्ज चोख आहे," कारकून म्हणाला. "फक्त साक्षीदाराची सही राहिलीय."

"साहेब, वीसेक माणसं होती तिथं. हात कुणी दिला नाही, सगळ्यांनी मोबाइल काढले." बायकोने फोन पुढे केला. "हा बघा व्हिडिओ. पावणेदोन लाख लोकांनी पाहिलाय."

"व्हिडिओला सही करता येत नाही, ताई. त्या पावणेदोन लाखांतला एक आणा."

मग त्याने स्क्रीनकडे पाहिले आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे, हे तुम्ही होय? गळ्यात टेप, चप्पल हवेत! आमच्या सगळ्या विभागानं पाहिलाय. मोठ्या साहेबांनी तर दोनदा."

"मग तुम्हीच करा की सही," शिंपी म्हणाला.

कारकून गंभीर झाला. "कामाच्या वेळेत पाहिलेलं कागदावर कसं आणायचं, काका?"

शिंप्याने व्हिडिओखाली लिहिले, 'मीच तो. एक सही हवी आहे.' प्रतिसाद उदंड आला. कुणी बघून चालायचा सल्ला दिला, कुणी चप्पल कुठल्या दुकानातली ते विचारले. सही द्यायला कुणी फिरकले नाही.

महिन्याने पत्र आले. साक्षीदाराअभावी अर्ज फेटाळण्यात येत होता. तथापि, सदर व्हिडिओचे बारकाईने अवलोकन केले असता अर्जदार अकरा मिनिटे रस्त्यात आडवा पडून वाहतुकीस अडथळा आणताना स्पष्ट दिसत असल्याने त्यास दंड ठोठावण्यात येत होता. दंडासाठी साक्षीदाराची आवश्यकता नव्हती.

आता मशीनवर चादर टाकलेली आहे. शिंपी तिच्याकडे बघत बसतो. अपिलाची मुदत शुक्रवारी संपते, आणि सहीची जागा अजून कोरी आहे.

आपण काही पाहिलेच नाही, असे तुम्ही म्हणू नका. वर चप्पल हवेत गेली तेव्हा तुम्हीही हसलात. पेन आहे ना जवळ?