दर्शनी दालनात खाजवण्यास मनाई

शिंक आली तर लोक रुमाल पुढे करतात, उचकी लागली तर पाणी आणून देतात आणि जांभईला निदान स्वतःची एक जांभई देऊन साथ करतात. शरीराच्या या किरकोळ हालचालींमध्ये खाज ही एकच अशी, जिला समाज फक्त जागा देतो. म्हणजे दोन पावलं मागे सरकतो. यात समाजाचं काही चुकतं असं नाही. जागा देणं हाही एक प्रकारचा आदरच आहे.

हा आदर भरभरून वाट्याला आला तो गाद्यांच्या एका दुमजली दुकानातल्या काकूंच्या. काकू तिथल्या सगळ्यांत जुन्या विक्रेत्या. मालकांच्या वडिलांनी त्यांना कामावर ठेवलं तेव्हा आताचे मालक शाळा सुटली की थेट दुकानात येऊन सर्वांत महागड्या गादीवर उड्या मारत, आणि काकू त्यांना कान धरून खाली उतरवत. त्यामुळे मालक अजूनही काकूंना अहोजाहो करतात आणि काकू मालकांना अरेतुरे. (पगार मात्र मालकच ठरवतात. जिव्हाळ्यालाही काही शिस्त हवी.)

काकूंची विद्या साधी होती. जोडपं आत आलं, की नवरा आधी किमतीची चिठ्ठी बघतो की बायकोचं तोंड, एवढ्यावरून त्या कुठल्या गादीकडे न्यायचं ते ठरवत. मग म्हणत, "लाजू नका. चपला काढा आणि पडा खुशाल. जन्मभर तुम्हाला निजायचंय, मला नाही." माणसं पडत, आणि पडलेलं माणूस नाही म्हणत नाही. विक्रीवरचं कमिशन हा काकूंच्या कमाईचा मोठा भाग, आणि ते फक्त तळमजल्यावरच्या दर्शनी दालनात मिळे. वरच्या मजल्यावर उशांचं गोदाम होतं. तिथे गिऱ्हाईक नाही, खिडकी नाही, कमिशन नाही. उशा भरपूर.

पन्नाशी उलटली, काकूंची पाळी बंद झाली आणि खाज चालू झाली. आधी दंड, मग पोटऱ्या, मग पाठीचा तो मधला प्रांत, जिथे वरून गेलेला हात पोचत नाही आणि खालून गेलेलाही. पुरळ नाही, चट्टा नाही, कुणाला दाखवावं असं काही नाही. नुसती कातडी कोरडी ठणठणीत, आणि त्यावर दुकानाचा गणवेश: मालकांनी हौसेने शिवून घेतलेला, इस्त्री न लागणारा, घाम न शोषणारा, दिव्याखाली चकाकणारा कृत्रिम धाग्याचा कोट. या कोटात माणूस दुरून फार रुबाबदार दिसे. आतून काय वाटतं हा प्रश्न शिंप्याला विचारलेला नव्हता.

काकू कामाच्या बाई. त्यांनी कापडी मोजपट्टी पाठीमागून टाकून दोन्ही टोकं आळीपाळीने ओढायची पद्धत स्वतः शोधून काढली. पद्धत उत्तम होती. फक्त ती गिऱ्हाईकाला दिसे. आता, केस कापणारा टकला असला तरी चालतो. पण गादी विकणारी बाई खाजवायला लागली तर गिऱ्हाईक बाईकडे बघत नाही, गादीकडे बघतं. गादीवर ऐसपैस पहुडलेले एक आजोबा, काकूंनी नुसतं कोपर खाजवताच, वयाला न शोभणाऱ्या चपळाईने उठले आणि चपला हातात घेऊन बाहेर पडले.

मालकांनी काकूंना केबिनमध्ये बोलावलं.

"काकू, घरी सगळं ठीक ना? म्हणजे... गाद्याबिद्या?"

"गाद्या तुझ्याच दुकानातल्या आहेत."

"तसं नाही हो. ते तुम्हाला सारखं अंगाला..."

"अरे, माझी पाळी गेली ना, तेव्हापासून..."

मालकांनी वाजत नसलेला फोन उचलला आणि "हां, बोला, बोला" म्हणाले. हे संभाषण बराच वेळ चाललं. (पलीकडे कुणी नसल्याने मतभेद झाले नाहीत.) काकू बाहेर गेल्यावर मालकांनी खरा फोन लावला, तो फवारणीवाल्याला.

फवारणीवाल्याने बॅटरी घेऊन एकूण एक पलंग खालून बघितला.

"एकसुद्धा ढेकूण नाही, साहेब."

"नीट बघितलंत?"

"साहेब, सापडला असता तर मी काय लपवून ठेवला असता? माझं पोट त्याच्यावर आहे."

मालकांनी विचार केला. काकू खाजवतात, हे उघड आहे. किड्यांशिवाय माणूस खाजवत नाही, हे मालकांना मान्य आहे. किडे दिसत नाहीत, हे तज्ज्ञ सांगतो आहे. तेव्हा हे किडे न दिसणाऱ्या जातीचे आहेत. फवारणी झाली. दुसरी फवारणी पहिलीचा उपयोग झाला नाही म्हणून झाली, आणि तिसरी, दोन झाल्या आहेत तर कशाला हात आखडायचा, म्हणून. तिन्हींनंतर काकू खाजवत होत्या आणि शिवाय शिंकत होत्या. (शिंकांसाठी मालकांनी लगेच रुमाल दिला.)

घरी नवऱ्याचं मत ठाम होतं. "दुकानातून काहीतरी घेऊन येतेस तू." दुकानाचंही मत ठाम होतं, की काकू घरून काहीतरी घेऊन येतात. अशी ती खाज पत्ता चुकलेल्या पार्सलासारखी रोज सकाळी इकडून तिकडे आणि संध्याकाळी तिकडून इकडे येत-जात राहिली. नवरा मात्र हातावर हात ठेवून बसला नाही. त्याने आधी साबण बदलला, मग कपड्यांची पावडर बदलली आणि शेवटी विषय बदलला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही," आणि दाराच्या चौकटीला पाठ घासून आत गेल्या.

अखेर काकू एकट्याच कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. डॉक्टरीणबाईंनी अंग बघितलं, रक्त तपासून घेतलं आणि दुसरा काही रोग नाही याची खात्री करून सांगितलं, "पाळी जाते तशी कातडीतली ओलही कमी होते. कढत पाण्याची आंघोळ बंद, कोमट घ्या. अंग जरा ओलसर असतानाच बिनवासाचं मलम चोळा. सुती कपडे घाला. आणि थांबलं नाही तर परत या, अंगावर काढू नका." एवढंच. एका ढेकणाचाही उल्लेख झाला नाही.

काकूंनी सुती कोट मागितला. मालक हळहळले. सुती कोटाला सुरकुत्या पडतात, आणि दर्शनी दालनात सुरकुती दिसता कामा नये, असा दुकानाचा नियम होता. (हा नियम कापडापुरताच आहे, असं त्यांनी घाईघाईने सांगितलं.) कोटाऐवजी त्यांनी एक पाटी लावली:

'दर्शनी दालनात खाजवण्यास मनाई आहे. निकड असल्यास कर्मचाऱ्याने जिन्याखाली जावे. जिन्याखाली एका वेळी एकानेच जावे. सदर नियम गिऱ्हाईकांस लागू नाही. त्यांनी खरेदीनंतर खाजवावे.'

पाटीखाली उभं राहून मालक जमिनीकडे बघत म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघू, काकू. नाहीतर वर उशांकडे एक जाणतं माणूस हवंच आहे."

"उशा पळून चालल्यात का रे?" काकू म्हणाल्या. पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

महिना सरायच्या बेताला नर्सांच्या वसतिगृहाच्या अधीक्षक बाई आल्या. अख्ख्या वसतिगृहाच्या गाद्या बदलायच्या होत्या. बाई कडक, चष्मा नाकाच्या टोकावर, बोलणं मोजकं. मालक स्वतः माहिती देत होते आणि काकू शेजारी उभ्या होत्या, आणि नेमकी त्याच वेळी पाठीच्या मधल्या प्रांतात गडबड सुरू झाली. काकूंनी दात आवळले, बोटं आवळली, पायाचे अंगठे आवळले. जिना दूर होता. शेवटी हात मागे गेलाच.

अधीक्षक बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"धूळ, धूळ आहे हो नुसती," मालक म्हणाले, आणि आपण गाद्यांच्या दुकानात काय बोललो हे लक्षात येऊन पांढरे पडले.

"धूळ नाही आणि ढेकूणही नाही," काकू दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माझी पाळी गेली. त्याने अंग खाजतं. गादी चांगली आहे."

मालक एका गादीची शिवण मन लावून तपासू लागले. अधीक्षक बाईंनी चष्मा काढला, पर्स पलंगावर ठेवली, काकूंकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "इथे. जरा डावीकडे. माझा हात पोचत नाही हो."

काकूंनी खाजवून दिलं. बाईंनी डोळे मिटले. मग डोळे न उघडताच सगळ्या गाद्यांची ऑर्डर दिली.

मालक हळवे असले तरी व्यापारी होते. आठवड्याभरात जुन्याच एका गादीला सुती खोळ चढवून तिचं नाव 'प्रौढा' ठेवण्यात आलं, किंमत दीडपट करण्यात आली आणि तिच्याशेजारी काकूंना उभं करण्यात आलं. पन्नाशीच्या बाया येत, काकूंना खाजवताना बघत आणि कुणीतरी आपल्यातलं भेटलं या आनंदात गादी घेत. गोदामाचं नाव निघेनासं झालं. मनाईची पाटी उलटी करून तिच्या मागच्या बाजूवर 'प्रौढा'ची जाहिरात रंगवली.

आणि मग घात झाला. कोमट पाणी आणि मलम यांनी आपलं काम केलं. काकूंची खाज थांबली.

विक्री बसली. मालक हिरमुसले. "काकू, थोडंसं तरी? गिऱ्हाईक समोर असताना? तसा आग्रह नाही, पण ते मलम दुकानाच्या वेळात नाही लावलं तर..."

"मलम लावणारच," काकू म्हणाल्या. "खाजवायचंय ना? खाजवीन. पण अंगात सुती कोट हवा आणि कमिशन वाढव."

दोन्ही मंजूर झालं. खाज होती तेव्हा सुती कोट नियमात बसत नव्हता. खाज गेल्यावर तो जाहिरातखर्चात बसला. काकू आता मनात येईल तेव्हा, कुठलीही गरज नसताना, तळमजल्यावर पगारी खाजवतात.

हल्ली त्यांच्याकडे पाहणीचंही काम आहे. जोडपं आलं की त्या विचारतात, "घरात कुणाला अंग खाजण्याचा त्रास?" आजवर आलेल्या प्रत्येक नवऱ्याने "आमच्याकडे नाही बुवा" असं सांगितलं आहे. आजवर आलेल्या निम्म्याअधिक बायकांनी, नवरा किंमत बघायला वळला की, काकूंना आपले दंड दाखवले आहेत. मालकांनी यावरून असा निष्कर्ष काढला आहे, की हा त्रास बायकांना फक्त दुकानात होतो.

निष्कर्ष पक्का करण्यासाठी आणखी उत्तरं हवी आहेत. हा प्रश्न वाचताना आपणही मनातल्या मनात "आमच्याकडे नाही बुवा" म्हणालात, ते आम्ही नोंदवून घेतलं आहे. शेजारच्या खोलीत कोण आहे, ते जाऊन विचारायची तसदी घेऊ नये. आपल्याआधी कुणीच घेतलेली नाही.