मेमरीची काटछाट

यंत्रोबांचा रजेचा अर्ज आठवडाभर साहेबांच्या टेबलावर पडून होता.

"यंत्र पळायला लागू दे, लगेच सही करतो," साहेब रोज म्हणत.

ऑफिसात त्यांना यंत्रोबा म्हणत, कारण तळमजल्यावरचं कपाटाएवढं मेनफ्रेम संगणकयंत्र त्यांच्या ताब्यात होतं. त्याच्या पोटात प्रत्येक खात्याचा वेगळा सर्व्हर लिनक्स या प्रणालीवर चाले आणि सध्या सगळेच रखडत होते. घरी बायकोने बॅगा भरून ठेवल्या होत्या. दोनदा पुढे ढकललेली सासुरवाडी या वेळीही हुकली, तर "मी एकटी जाईन, आणि परत कधी येणार ते विचारायचं नाही," असं तिने शांतपणे सांगितलं होतं. या शांतपणाची यंत्रोबांना चांगलीच धास्ती होती.

दुखणं त्यांना कळलं होतं. खात्यांनी भांडभांडून जास्तीची मेमरी घेतली होती. लिनक्सचा स्वभाव असा, की द्याल तेवढी मेमरी तो जुन्या फायलींनी भरून ठेवतो. माळा मिळाला की घरात रिकामी खोकी साठतात, तसंच. सगळ्यांचे माळे भरल्यावर यंत्राला स्वतःला पाय ठेवायला जागा उरेना, मग ते दिवसभर सामान डिस्कवर हलवत बसे. उपाय एकच, मेमरी कापणं. पण खात्यांना तसं सांगायची सोय नव्हती. म्हणून जेवणाच्या सुट्टीत यंत्रोबांनी एकेक सर्व्हर बंद केला, कोणाला पत्ता लागू न देता त्याची मेमरी निम्मी केली आणि पुन्हा चालू केला.

सुट्टी संपली आणि यंत्र सुसाट सुटलं. हिशेबखात्याच्या बाई स्वतः खाली आल्या.

"मेमरी किती वाढवून दिलीत हो? बोट लावायच्या आत पान उघडतंय."

यंत्रोबा नुसते हसले आणि तिथेच घोटाळा झाला. बाईंनी वर जाऊन आपल्याला जास्त मिळाल्याचं जाहीर केलं. गोदामाचे प्रमुख तणतणत साहेबांकडे गेले. "आमचंही पळतंय, पण त्यांच्याइतकं नाही. हा पक्षपात झाला." साहेबांनी सगळ्यांना बोलावून घेतलं.

"कोणाला किती दिलीत, ते सांगून टाका एकदाचं."

यंत्रोबांना खोटं बोलायची सवय नव्हती. "कोणालाच दिली नाही. सगळ्यांची निम्मी केली. म्हणून तर पळतंय."

मग बाई म्हणाल्या, "तरीच. मघापासून मला जरा अडखळल्यासारखं वाटतच होतं."

"आमचं तर बसलंच आहे," गोदामप्रमुख म्हणाले.

"आत्ता तर पळतंय म्हणालात," यंत्रोबा म्हणाले.

"सुरुवातीला पळालं. आता दमलं."

"सगळ्यांची मेमरी परत करा," साहेबांनी निकाल दिला. "नाहीतर रजा विसरा."

परत केली की यंत्र बसणार, आणि यंत्र बसलं की रजाही गेली. यंत्रोबा खाली गेले, कशालाही हात न लावता सावकाश चहा प्यायले आणि कपाळावरचा नसलेला घाम पुसत वर आले.

"केली परत. बघा आता."

बाईंनी पान उघडलं. "हां, आता कसं! उगाच काटकसर केली की काम बिघडतं बघा." गोदामप्रमुखांनीही मान डोलावली.

साहेबांनी अर्ज पुढे ओढला, पेन उघडलं आणि थबकले. "आत्ता जे केलंत ना, ते दुसऱ्या कोणाला जमेल?"

यंत्रोबांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्या भरात ते म्हणाले, "कोणालाही जमेल, साहेब. त्यात काहीच नाही."

"विनय पुरे. आठवडाभर जे झालं नाही, ते तुम्ही चुटकीसरशी केलंत. तुमच्या मागे पुन्हा अडखळलं, तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं? सध्या रजा राहू द्या."

खरं सांगावं तर सगळे पुन्हा मेमरी मागणार, न सांगावं तर रजा जाणार. यंत्रोबा जिन्यात आले आणि त्यांनी घरी फोन लावला.

"अगं, माझं यायचं काही जमत नाही."

बायको पुन्हा शांत झाली होती. "असं काय करता हो तिथे, की तुमच्यावाचून अडतं?"

यंत्रोबांना मघाचा सावकाश प्यालेला चहा आठवला.

"काहीच नाही," ते म्हणाले, आणि तिने फोन ठेवून दिला.