न कुरकुरणारा आरसा

नाजूक वस्तू सांभाळावी तर ती मीच, हे मी छातीठोकपणे सांगतो! १९९९ साली आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत मी तळहाताएवढ्या काचेच्या चकतीवर स्वतःच्या हातांनी लेप चढवला. साधासुधा नव्हे! दूर आकाशात दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात लहर उठते. ती टिपायला परदेशात दोन-अडीच मैल लांबीच्या यंत्रांत आरसे टांगतात. आता आरशावरचा लेपच आतल्या आत कुरकुरत बसला, तर ती बिचारी लहर ऐकू येणार कशी? म्हणून लेप शांत हवा. त्याची परीक्षा सोपी: चकती टांगायची, टोला द्यायचा आणि नाद किती वेळ घुमतो ते मोजायचं. नाद जितका लांब, लेप तितका शांत. चेन्नईच्या तपासणीत माझी चकती पास झाली, की इटलीच्या परिषदेला मी जाणार होतो. पासपोर्ट तयार होता. शेजाऱ्यांना सांगूनही झालं होतं!

बायको वत्सला नवरात्रासाठी माहेरी, कुंभकोणमला गेली होती. म्हटलं, चकती घेऊन चेन्नईला निघालोच आहे, वाटेत डोकावून जाऊ. कुंभकोणम वाटेत नाही, हे प्रयोगशाळेतल्या आमच्या साहेबांनी मला नंतर नकाशा उघडून दाखवलं.

पोचलो तो नेमका आयुधपूजेचा दिवस. माझे सासरे तुकोजीमामा यांचं तिथे समया-भांड्यांचं दुकान. मराठेशाहीपासून तिथेच मुरलेलं घराणं, आणि मराठी अशी की आमचे पुणेकर सहकारी ऐकून हात जोडतात. तराजूपासून विळीपर्यंत घरातलं झाडून सगळं आयुध चंदन-कुंकू लावून पूजेत मांडलेलं होतं. मी चकतीचा डबा फळीवर ठेवला आणि सासूबाईंना, म्हणजे कामाक्षीमामींना, बजावलं, "मामी, आतल्या चकतीला हात लावायचा नाही. बोटाचा डाग पडला तरी माझी इटली बुडाली!"

"छे! हात कशास लावूं?" मामी म्हणाल्या.

आंघोळ करून येतो तर काय! तराजू आणि सायकलच्या मधोमध माझी चकती! तिच्यावर रुपयाएवढा चंदनाचा टिळा, वर कुंकू!

"मामी!!"

"हात नाही लाविला हो! धुतलेल्या ताटलीवर सरकवून उचललें, चांदीच्या चमच्यानें चंदन लाविलें. जांवयाचें आयुध वगळलें तर तें रुसेल की!"

"रुसेल काय, मेलं ते!"

"अय्यय्यो! पूजेदिवशीं असें बोलूं नये!"

वत्सला धावत आली आणि चकतीत वाकून बघू लागली. "अहो, हा कसला आरसा? ह्यांत तोंडच दिसत नाही!"

"तो तोंडासाठी नाहीच! डोळ्यांना न दिसणाऱ्या लेसर किरणासाठी आहे!"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. "तुम्हांस कोणी फसविलें तर नाही?" मामींनी हळूच विचारलं.

एवढ्यात मामा आले. मामांचा कान गावात प्रसिद्ध. बोटातली अंगठी भांड्यावर वाजवायची आणि त्यात कथील किती, जस्त किती ते सांगायचं! मी ओरडेपर्यंत त्यांनी चकती कडेने दोन बोटांत तोलली आणि अंगठीने, टण्ण!

"पूजेंतलें उद्यांपर्यंत हलवूं नये!" मामी किंचाळल्या.

"हलविलें तर आहेच," म्हणत मामांनी डोळे मिटले. "कांच उत्तम. लेप बसका."

"चंदनामुळे, मामा!"

"सरि, बरें. मग धुवा."

मी चकती धुतली. पुन्हा टण्ण!

"चंदनाचा दोष गेला," मामा म्हणाले. "तुमचा राहिला."

माझं डोकंच फिरलं! "मामा, ही समई नाही! ह्यात माझी पीएच.डी. आहे!"

"असेल. तीहि बसकीच वाजते."

चेन्नईला चकती निरनिराळ्या द्रावणांनी धुतली, निर्वात पेटीत टांगली आणि यंत्राने दोन दिवस कान लावला. अहवाल आला: काच उत्कृष्ट, लेप नापास! खोटं कशाला सांगू, मला रडूच कोसळलं. मग डोकं चाललं. साहेबांना फोन करून सगळं खापर सासुरवाडीवर फोडलं. चंदन, कुंकू, अंगठी, काही सोडलं नाही! बोलण्याच्या ओघात मामांचा निकालही सांगून बसलो.

साहेब म्हणाले, "यंत्राच्या आधी? नुसत्या अंगठीनं?"

आठवड्याभरात आमच्या प्रयोगशाळेच्या सहा चकत्या कुंभकोणमला पोचल्या. मामांनी सहाही वाजवल्या आणि चौथी उचलून बाजूला ठेवली. पुढे यंत्रानेही चौथीच निवडली! साहेबांनी थेट मामांनाच फोन लावला, "तुकोजीराव, आमच्याबरोबर इटलीला चला!"

मामा विचारात पडले. "येतों की. पण आठ दिवस दुकान कोण पाहील?"

साहेबांनी ताबडतोब माझं नाव सुचवलं!