फुटक्या दगडाखालची अळंबी

इव्होनाने भिंतीवरच्या पडद्यावर नकाशा मोठा केला आणि राडिमकडे बघितलं. नकाशा त्याच्या रानाचा होता. ब्रनो शहरातल्या त्या छोट्याशा गेम कंपनीत तो कित्येक वर्षं हे एकच रान उभं करत होता. खेळणाऱ्याने त्यात भटकावं, कोपरे धुंडाळावेत आणि भटकल्याचं चीज व्हावं, एवढीच अपेक्षा. चाचणीला बोलावलेले लोक मात्र डावीकडे जाऊन सोन्याची पेटी उघडायचे, उजवीकडे जाऊन सोन्याची पेटी उघडायचे आणि जांभया देत घरी जायचे.

"मग आणखी पेट्या ठेवतो," राडिम म्हणाला.

"मढ्याच्या उशाशी पेटी ठेवली म्हणून ते उठून बसतं का रे?" इव्होना म्हणाली. कंपनी तिची होती आणि भांडवल दुसऱ्यांचं. गेमचा नमुना लोकांना आवडला तर ठीक, नाहीतर कुलूप, असं त्या दुसऱ्यांनी तिला बजावलं होतं. तिने ते सगळ्यांना ऐकवलं, तसे सगळे राडिमकडे असे बघू लागले की जणू कुलूप त्याच्याच खिशात आहे.

घरी आला तर तिथेही सुतकी कळा. सासरे, अलॉइसबाबा, नाकात ऑक्सिजनची नळी घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलेले. फुप्फुसं कामातून गेल्यामुळे गाव सोडून लेकीकडे, ब्लांकाकडे, यावं लागलं, याचा राग ते दिसेल त्याच्यावर काढत. डॉक्टर पुढच्या उन्हाळ्याबद्दल काही बोलायला तयार नव्हते. एके काळी हा माणूस पंचक्रोशीतला अळंबीसम्राट होता. सप्टेंबर लागला की अख्खा देश टोपल्या घेऊन रानात घुसतो, पण यांची टोपली सगळ्यांच्या आधी भरायची. कुठे मिळाली असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "रानात." तिकडची रीतच तशी. माणूस एक वेळ आपली लफडी सांगेल, पण अळंबीची जागा सांगणार नाही.

ती जागा त्यांनी एकदाच, लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, राडिमला दाखवली होती. पडक्या प्रार्थनाघरावरून ओढ्याकाठाने वर जायचं, वाकड्या बर्चच्या झाडाशी वळायचं, की फुटका दगड. दगडाखालच्या शेवाळात तपकिरी टोप्यांच्या जाडजूड अळंब्या अशा उभ्या होत्या की राडिमच्या डोळ्यांत पाणीच आलं. ब्लांकालासुद्धा सांगायचं नाही, अशी शपथ सासऱ्यांनी तिथेच घातली. बायकोपासून काही लपवण्याची राडिमची ती पहिलीच वेळ. पुढे तो दर वर्षी चोरून तिथे जायचा, रिकाम्या हाताने परतायचा आणि पावसाला बोल लावायचा.

आता बुडत्याला काडीचा आधार. राडिमने पेट्या उचलून फेकल्या आणि सासऱ्यांचं रान जसंच्या तसं गेममध्ये उतरवलं. खुणेची पाटी नाही की बाण नाही. तुडवलेलं शेवाळ, गोगलगायीने कुरतडलेली एखादी टोपी, वाकडं बर्च. ज्याची नजर शाबूत, तो दगडापाशी पोचणार आणि तिथली अळंबी खाऊन त्याच्या जखमा भरणार. चाचणीवाले जेवायचं विसरले. इव्होनाने राडिमला मिठी मारली आणि नमुना इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट सोडून दिला. प्रार्थनाघर आणि बर्च तेवढं बदलू, असं राडिमच्या मनात होतं. ते राहूनच गेलं.

मग गावाहून वेंडेलीनचा फोन आला. वेंडेलीन म्हणजे सासऱ्यांचा जुना दोस्त आणि त्याहून जुना प्रतिस्पर्धी.

"अलॉइस, तुझा दगड कॉम्प्युटरात आलाय," तो म्हणाला. त्याच्या नातवंडांनी प्रार्थनाघर ओळखून तसं इंटरनेटवर लिहिलं होतं. रानाच्या कडेला गाड्यांची रांग लागली होती आणि परगावची माणसं टोपल्या घेऊन दगडाकडे निघाली होती.

अलॉइसबाबांनी फोन ठेवला आणि समोरचं सूप बाजूला सारलं. मग लेकीला म्हणाले, "मी गेलो की मला त्या दगडाखालीच पुरा. वाट विचारत बसायला नको, सगळ्यांना पाठ आहे." त्या दिवसापासून त्यांनी जेवण सोडलं.

तिकडे कंपनीत वेगळंच लचांड. दगडाखाली कुणाला काही मिळेना. रिकाम्या टोपलीचा फोटो टाकून लोक लिहू लागले की गेम फसवा आहे, दगडाखाली चिखलाशिवाय काही नाही. पाचपैकी एकेक तारा देऊन त्यांनी नमुन्याची पार रया घालवली. खऱ्या रानाबद्दल गेमला शिव्या का, हे इव्होनाला कळेना. तिथे अळंबी आहे का नाही ते एकदा बघून ये, असं तिने राडिमला बजावलं.

राडिम गेला. दगडाभोवती जत्रा भरली होती आणि वेंडेलीन घडीची खुर्ची टाकून मजा बघत होता.

"इथे?" तो म्हणाला. "माझ्या उभ्या जन्मात इथे कुत्र्याच्या छत्रीपलीकडे काही उगवलं नाही."

राडिम तडक घरी आला. "बाबा, जागा खोटी होती."

"होती. आदल्या दिवशी मीच त्या अळंब्या शेवाळात खोचून आलो होतो."

"मग तुमचं गेलं काय? जेवण का सोडलंत?"

म्हाताऱ्याने आधी दम खाल्ला. "आधी खोटीच दाखवतात, जावईबापू. माझ्या सासऱ्यानेही मला खोटीच दाखवली होती. तिथे कुणी फिरकलं नाही, मी तोंड उघडलं नाही, तेव्हा कुठे खरी दाखवली. तुलाही यंदा नेणार होतो." त्यांनी नाकातल्या नळीला हात लावला. "ही लांबवून घेऊन."

राडिमला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी त्याने कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या टेबलावर आणून ठेवला आणि रान तरी बघा म्हणून विनवलं. म्हाताऱ्याने आधी प्रार्थनाघराच्या छपराला नावं ठेवली. मग अडखळत बटणं दाबत निघाला. दगडाकडे वळलासुद्धा नाही. ओढा ओलांडला, जुन्या चुनाभट्टीच्या मागून गेला आणि बीचच्या झाडांखालच्या एका खळग्यात उतरला.

"तिथे काही नाही, बाबा. तो कोपरा भरायचा राहिलाय," राडिम म्हणाला.

म्हातारा हलेना. नळीतून श्वास घेत पडद्यावरच्या खळग्यात तसाच उभा राहिला. ब्लांका शेगडीकडे तोंड करून भांडं घासत होती, ते आधीच लख्ख होतं. खरी जागा कुठली ते राडिमला उशिरा का होईना, कळलं.

"इथे काही ठेवू नकोस," अलॉइसबाबा शेवटी म्हणाले, आणि त्यांनी सूप मागितलं.

नाताळाआधीच ते गेले. इव्होनाला प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी हवं होतं, तर राडिम त्या खळग्यासाठी तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा भांडला. वसंतात गेम बाजारात आला. फुटका दगड त्यातून काढला होता, पण खळगा तसाच होता. सगळीकडे काहीतरी आणि इथेच काही नाही, म्हणजे नक्की मोठं घबाड असणार, असं खेळणाऱ्यांनी ठरवलं आणि ते तिथे पानन् पान उलथत बसले. इंटरनेटवर त्यावरून मारामाऱ्या जुंपल्या. कुलूप टळलं.

"काय ठेवलंयस तिथे?" इव्होनाने विचारलं.

"काही नाही."

"मालकिणीलाही सांगणार नाहीस?"

सप्टेंबरात एके रात्री राडिमने उद्या कामावर जातो अशी ब्लांकाला थाप मारली. ब्लांका सकाळीच वडिलांच्या थडग्यावर फुलं वाहायला म्हणून गावी गेली होती. चुनाभट्टीच्या मागून तो खळग्यात उतरला, तर ब्लांका गुडघ्यांवर बसून सुरीने अळंब्या कापत होती. टोपली निम्मी भरली होती.

"तुला कधीपासून माहीत?" त्याने टोपलीकडे बघत विचारलं.

"मला चालता यायला लागल्यापासून. बाबांनी शपथ घातली होती, नवऱ्याला सांगायचं नाही म्हणून." ती सरकली आणि त्याला बसायला जागा केली. "तू दगडावरून हात हलवत यायचास आणि पावसाला शिव्या घालायचास. मला हसू आवरायला न्हाणीघरात जाऊन बसावं लागायचं."

हे ऐकून हसावं की रडावं ते राडिमला कळेना. मग त्याने दोन्ही केलं, आणि तिनेही.

परतताना प्रार्थनाघरापाशी वेंडेलीन आडवा आला. त्याने टोपलीत डोकावून पाहिलं आणि त्याचे डोळे लकाकले.

"कुठे मिळाली रे?"

ब्लांकाने नवऱ्याकडे पाहिलं.

"रानात," राडिम म्हणाला.