राहणार बाभळीखाली

कोणताही इसम कुठे ना कुठे राहत असतोच, असं शासनाचं धोरण आहे. तो नेमका कुठे राहतो, हे ठरवायला आमची वास्तव्य-निश्चिती शाखा होती. शाखेत मी, एक शिपाई आणि एक टेबल. टेबल कायम होतं, आम्ही दोघे हंगामी.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. आमची शाखा दौंडच्या बाजूला. पलीकडे शिरूरच्या बाजूलाही अशीच एक शाखा. दोन्ही शाखांचे संबंध उत्तम होते, कारण कुणीच कुणाचं काही कबूल करत नसे.

त्र्याहत्तर साली आमच्याकडे कुशाबाई आल्या. धनगराची म्हातारी, वय सत्तरीपुढे, दोन्ही गुडघे गेलेले. मुलगा म्हस्कू काठीवर हनुवटी टेकून दाराशी उभा. यांचा धंदा असा, की शेतकरी खतासाठी रानात रात्रभर मेंढरं बसवतो आणि बदल्यात धान्य देतो. एक रान झालं की दुसरं. दिवाळीनंतर कोकण, मृगाच्या आधी माघारी. पण दुष्काळात शेतकऱ्याच्याच घरात दाणा नाही, तो यांना काय देणार? म्हातारीला रेशनकार्ड हवं होतं.

“राहणार कुठल्या?” मी विचारलं.

“मेंढरं बसत्याल तिथं.”

“कालपासून कुठे आहात?”

“केडगावच्या शिवंला, बाभळीखाली.”

“आणि उद्या?”

“त्येच तर सांगाय आले, भाऊसाहेब. उद्या मी उठनार न्हाई. लई चालले आता. म्हस्कू जाऊ दे मेंढरांमागं, मला एका जागी बसायचंय. तेवढं कारड द्या. मिलो खाऊन पडून ऱ्हाईन.”

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. ती सात समुद्र ओलांडून आली, पण रीतसर आली. कुठे चढली, कुठे उतरली, कुठल्या गोदामात मुक्कामाला आहे, सगळं लेखी. कुशाबाई इथेच कुठेतरी मेंढरांत जन्मल्या आणि कुणाला त्याची नोंद घ्यायचं सुचलं नाही. सबब आमच्या दप्तरी मिलो इथली होती आणि कुशाबाई परक्या होत्या.

कार्डाला वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि वास्तव्याचा पुरावा म्हणजे कार्ड. इतकं सोपं करून सांगितलं तरी बाईंना कळेना. शेवटी मी पलीकडच्या शाखेला लिहिलं, की सदर बाई आपल्याकडे राहतात काय. दीड महिन्यानं उत्तर आलं: “राहत नाहीत. आपल्याकडेच राहत असाव्यात.” मी लिहिलं: “आमच्याकडेही राहत नाहीत, मात्र रोज कचेरीच्या बाकावर बसलेल्या असतात.” फाइल बोटभर जाड झाली आणि बाई तेवढ्याच वाळल्या. म्हस्कू अर्धी भाकरी आणून द्यायचा, ती त्या पाव करून शिपायालाही विचारायच्या. मेला तो खायचाही!

मग तपासणी झाली. तपासनीसानं फाइल वाचून शेरा मारला: “जी व्यक्ती दोन्ही तालुक्यांत राहत नाही, ती या तालुक्यात आढळते. म्हणजे ती विनापरवाना आहे. खुलासा करा.”

आमच्या वरच्या प्रांतसाहेबांना घाम फुटला. खुलासा करण्यापेक्षा म्हातारीला घालवणं सोपं, असं ठरलं. साहेबांची सही आधीच असलेला हद्दपारीचा छापील नमुना आला. त्यात ‘राहणार’ हा रकाना होता, आणि तो कोरा ठेवला तर हुकूम रद्द होतो. मी लिहिलं: राहणार बाभळीखाली, केडगाव शीव. कारणं छापीलच होती: गुंडगिरी, दारूभट्टी, मटका. लागू नसेल ते खोडायचं. पण प्रत्येक खोडाखोडीवर साहेबांची सही लागते आणि साहेब रजेवर. तिन्ही राहिली.

हुकूम मी वाचून दाखवला. बाई सावरून बसल्या.

“म्हंजी माझं घर लिवलं?”

“लिहिलं. पण तुम्हाला तिथून हाकललंय, बाई.”

“त्ये ऐकलं. पर घर लिवलं न्हवं? पुन्ना वाचा की.”

मी पुन्हा वाचलं. खरं सांगतो, मला लाज वाटली. पण लाजेला रकाना नाही.

आरोपी धोकादायक असल्यानं दोन पोलीस आले. आरोपीला चालता येईना, तेव्हा दोघांनी हाताला हात धरून तिला उचललं, गाडीत घातलं, भीमेवर होडीत ठेवलं. “उभ्या जल्मात पयल्यांदा कुनी उचलून न्येलं बाई,” असं म्हणत हसत हसत ही गुंड बाई तालुक्याबाहेर गेली.

पलीकडे वेगळीच भानगड. हद्दपार इसमाचा पत्ता ठाण्याच्या वहीत लागतो आणि रोज हजेरी लागते. बाई रोज चालत येणार कशा? हवालदार चांगदेवांनी डोकं खाजवलं आणि लिहिलं: राहणार चौकीचा व्हरांडा. पोलिसांनीच पत्ता लिहून दिल्यावर तिकडच्या शाखेनं तिसऱ्या दिवशी कार्ड काढून दिलं. मिलो, साखर, रॉकेल! जन्मभर सरळ वागून जे मिळालं नाही, ते एका मटक्याच्या आरोपात मिळालं.

दोन वर्षं बाई व्हरांड्यात राहिल्या. चांगदेवांच्या बायकोला पोर झालं, त्याला तेल लावायला ह्याच. कोकणातून आलेला म्हस्कू सरळ चौकीत जायचा. आई कुठे आहे हे त्याला आयुष्यात प्रथमच आधी ठाऊक असायचं.

पंच्याहत्तर साली मुदत संपली. चांगदेवांनी नाइलाजानं शिक्का मारला: मुक्त. पत्ता खोडला गेला, त्याबरोबर कार्ड रद्द झालं. दुसऱ्या दिवशी म्हस्कूच्या पाठीवर बसून बाई माझ्या टेबलासमोर हजर.

“भाऊसाहेब, मला पुन्ना हाकला.”

“असं कसं हाकलता येईल?”

“मागल्या टायमाला हाकललं न्हवं? मी गुंडगिरी करीन की. काय करत्यात ते तेवढं सांगा.”

“बाई, जो इथे राहतो त्यालाच इथून हाकलता येतं. बाभळीखालचा पत्ता त्या हुकुमाबरोबर संपला. आता तुम्ही राहत असल्याचा पुरावा काय?”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं. मग एकदम माझ्याकडे बघून विचारलं, “तुमी कुठं ऱ्हाता?”

“हौशीरामच्या चाळीत. भाड्यानं.”

“कागुद हाय?”

हौशीराम पावती देत नाही. पावती दिली की भाडेकरूला हक्क येतो, असं त्याला वकिलानं सांगितलंय. कार्ड माझं अजून गावी, थोरल्या भावाच्या नावात. बदलून घ्यायला वास्तव्याचा दाखला लागतो. तो मीच देतो, पण स्वतःला देता येत नाही. हे सगळं मी बाईंना सांगितलं.

“अगं बया!” त्या खरोखरीच्या काळजीनं म्हणाल्या. “मग तुमाला कोन हाकलनार, भाऊसाहेब?”

मी दोन कोरे नमुने काढले, एक त्यांचा, एक माझा, आणि ‘राहणार’पाशी दौत वाळेपर्यंत बसलो. संध्याकाळी शिपायानं टेबल आत ओढून कुलूप लावलं. बाहेरच्या बाकावर बाई होत्याच. मला बघून त्या जरा सरकल्या आणि म्हणाल्या, “बसा.”

आम्ही तिथेच असतो. अजून दोघातिघांची जागा आहे. वाचक महाशय, हसून झालं असेल तर ट्रंक उघडून आपला कागद एकदा बघा, नाव कुणाचं आहे ते. आणि या.