दोन हजार खेळाडूंचा पत्ता

होड्या बुडवण्याच्या त्या ऑनलाइन खेळाचा सर्व्हर कशात लिहायचा, यावर अण्णा आणि चष्मिस तीन आठवडे भांडत होते. कंपनीत प्रोग्रामर दोनच, आणि तेही शेजारी बसून एकमेकांना ईमेल पाठवायचे. अण्णांना वीस वर्षं मुरलेली भाषा हवी होती. चष्मिसला गेल्या वर्षी आलेली.

शेवटी कंपनी चालवणाऱ्या मॅडम वैतागल्या. "दोघंही लिहा. शनिवारी सकाळी लोकांना खेळायला बोलावू, निम्मे इकडे, निम्मे तिकडे. ज्याचा टिकेल तो ठेवू."

खेळ बाजारात आणणारे पाहुणे त्याच वेळी बघायला येणार होते. त्यांना तो पसंत पडला नाही, तर ऑफिसला कुलूप लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी दहाला खेळ सुरू झाला. साडेदहाला पडद्यावरचा आकडा दोन हजारांवर गेला, तरी कुठे काही अडकेना. पाहुणे स्वतः तीनदा हरले आणि खूश झाले.

"जुनं असलं तरी खणखणीत आहे," अण्णा म्हणाले.

"हा वेग जुन्याचा नाही," असा ईमेल त्यांना टाकून चष्मिसने आपल्या सर्व्हरवरची गर्दी बघायला घेतली. मग तीन आठवड्यांत पहिल्यांदा तो अण्णांशी तोंडाने बोलला. "अण्णा, तुमच्याकडे किती माणसं आहेत?"

"तू आधी सांग."

"शून्य."

अण्णांनी नुसता आपला स्क्रीन त्याच्याकडे वळवला. तिथेही शून्य.

"मग दोन हजार माणसं आहेत कुठे?" मॅडमनी पाहुण्यांकडे बघून हसत, दबक्या आवाजात विचारलं.

होड्यांची चित्रं काढणारी मुलगी पांढरीफटक पडली. आपल्या होड्या हलताना बघायला तिने घरीच एक छोटासा सर्व्हर केला होता. खेळाची शेवटची फाइल तिनेच चढवली होती, आणि त्या फाइलमध्ये सर्व्हरचा पत्ता घरचाच राहिला होता.

"माझ्या घरी आहेत," ती म्हणाली. "स्वयंपाकघरात. जुन्या लॅपटॉपवर."

तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. "बरं झालं फोन केलास. तुझा लॅपटॉप नुसता भणभणतोय, तापलाय केवढा. बंदच करत होते."

"हात लावू नका त्याला!"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. या आवाजात ती सासूबाईंशी कधी बोलली नव्हती. पलीकडून फोन कट झाला.

तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे. ती, अण्णा आणि चष्मिस, तिघंही धावत सुटली. बघतात तर लॅपटॉप दोन उपड्या वाट्यांवर ठेवलेला, समोर टेबलफॅन, आणि शेजारी सासूबाई उभ्या.

"नाही केला बंद," त्या म्हणाल्या. "तू एवढी ओरडलीस, म्हटलं आत कोणी अडकलंय की काय."

"दोन हजार," चष्मिस धापा टाकत म्हणाला.

सासूबाईंनी पंख्याचं बटण शेवटच्या खुणेवर नेलं.

चार्जरची पिन सैल होती, ती चष्मिसने दाबून धरली. अण्णा वर्तमानपत्राने वारा घालत बसले. एक वाजेपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

मग मॅडमचा फोन आला. पाहुण्यांनी होकार दिला होता. एकच अट: आज चालला तोच सर्व्हर हवा, दुसरा नको. तो कशात लिहिलाय, तेवढं त्यांना कळवायचं होतं.

"कशात लिहिलायस?" अण्णांनी तिला विचारलं.

"नाव नाही आठवत," ती ओशाळून म्हणाली. "शिकाऊंसाठी एक पुस्तिका मिळाली होती. त्यातला पहिला धडा जसाच्या तसा उतरवला."

अण्णांनी चष्मिसकडे बघितलं, चष्मिसने अण्णांकडे.

"आहे का ती पुस्तिका?" चष्मिसने विचारलं.

"आहे की, आतल्या खोलीत."

"दोन प्रती काढून आण," अण्णा म्हणाले.