राणीची पाठ

आत्माराम साव्यांनी आयुष्यात एकच गोष्ट मन लावून केली, ती म्हणजे टपाल तिकिटांच्या पाठी पाहणे. पुढे राणी आहे की राजा, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. "तोंड काय, कोणीपण ओळखील. पाठ ओळखायला अक्कल लागते," असे ते बोईसरच्या ठेकेदाराच्या कचेरीत दिवसातून चारदा सांगत, आणि कामाचे कागद तोवर टेबलावर वाट पाहत पडत.

जुन्या कोऱ्या तिकिटाच्या पाठीवर छापखान्यातला मूळ डिंक शाबूत असेल, तरच ते तिकीट. मागाहून कोणी डिंक फासला असेल तर तो कचरा. हा फरक अख्ख्या पालघर तालुक्यात फक्त आपल्याला कळतो, असा त्यांचा दावा होता. इतरांना फरक कळतच नसल्यामुळे हा दावा खोडायलाही कोणी पुढे येत नव्हते.

तारापूरला वीजकेंद्राचे बांधकाम सुरू झाले, बाहेरची शिकलेली माणसे आली आणि तिकिटे जमवणाऱ्यांचे पाच जणांचे मंडळ निघाले. पाच जणांना अध्यक्ष कशाला लागतो, हे कोणी विचारले नाही. आत्मारामभाऊंना मात्र अध्यक्षपदावाचून झोप लागेना. श्रावणातल्या एका रविवारी पाम गावात त्यांच्याच घरी निवड ठरली. आधी 'मूळ डिंक ओळखण्याची कला' यावर त्यांचे भाषण, मग पुरावा म्हणून त्यांचे राणीच्या छापाचे निळे अर्ध्या आण्याचे तिकीट. भाषण अकरा पानांचे होते.

शनिवारी कामावर निघताना त्यांनी बायकोला फर्मावले, "अल्बमला ओल लागलीय. जरा ऊन दाखव. आणि तिकिटांना हात लावू नको!"

इंदुबाईंनी अल्बम पडवीत उघडून ठेवला. वाऱ्याची झुळूक आली आणि राणी उडाली ती थेट भिजत घातलेल्या वालांच्या पातेल्यात. हात लावायची मनाई असल्यामुळे इंदुबाईंनी तिला झाऱ्याने बाहेर काढले. तोंड जसेच्या तसे होते, पाठ मात्र स्वच्छ धुतली गेली होती.

लेक बाळंतपणाला आलेली होती. तिच्या लाडवांसाठी, मासवणच्या रानातून डिंक विकायला येणाऱ्या नवसीकडून घेतलेला डिंक फडताळात होता. इंदुबाईंनी दोन खडे कोमट पाण्यात विरघळवले, बोटाने राणीच्या पाठीला लावले, वाळवले आणि अल्बम मिटला. नवऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर अकराच्या अकरा पाने त्यांनाच ऐकावी लागली असती.

रविवारी मंडळी जमली. मंडळातल्याच, कचेरीतल्या विश्राम पाटलाने आजोबांच्या पेटीत सापडलेले तसलेच एक तिकीट आणले होते. आत्मारामभाऊंनी भिंग लावले आणि नाक मुरडले.

"विश्राम, हे नकली. लाडू वळता वळता कोणीतरी घरचा डिंक फासलाय."

"आजोबांच्या पेटीतलं हाय हो, आत्मारामभाऊ. कुनी हात पन नाय लावला."

"मग आजोबांनी फासला असेल."

स्वयंपाकघरात इंदुबाईंचा हात थांबला.

"आता हे बघा!" भाऊंनी आपले तिकीट उलटे केले. "ही चकाकी! हे बारीक तडे! शंभर वर्षांपूर्वीचा, लंडनचा डिंक. आपल्या जंगली डिंकाला ही ऐट येत नाय."

नेमकी तेव्हाच नवसी मागच्या दाराशी डिंकाचे गाठोडे घेऊन आली. भाऊंना चेव चढला.

"ए नवसे, इकडे ये. तू डिंकातली ना? हा बघ विलायती डिंक. असा कधी पाहिलायस?"

नवसीने तिकीट हातात घेतले, हुंगले आणि कोणी काही म्हणायच्या आत जिभेला लावले.

"अगं ए बये!" भाऊ किंचाळले.

"यो आमचाच हाय, शेट," नवसी शांतपणे म्हणाली. "धावड्याच्या झाडाचा. पावसात आमी चुलीवरच्या माळ्यावर ठेवतो, त्याला धूर लागतं. परवा बाईला दिला, त्योच."

विश्रामला तिकिटापेक्षा आजोबांची अब्रू मोठी वाटली. त्याने आपले तिकीट पुढे केले. नवसीने त्याचा कोपरा चाटला आणि तोंड वाकडे केले.

"यो आपल्या रानचा नाय. बाभळीगत लागतं, पन लय जुना. वास पार मेलाय."

"ही अडाणी बाई! हिला काय कळतं?" म्हणत भाऊंनी राणी हिसकावली आणि तावातावाने हात भाषणावर आपटला. ओले तिकीट पहिल्या पानावर चिकटून बसले, बरोबर 'कला' या शब्दावर.

चौघांनी हात वर केले आणि विश्राम अध्यक्ष झाला. भाऊंचे तिकडे लक्षच नव्हते. ते नखाने राणीचा कोपरा उचलू पाहत होते आणि राणी जागची हलत नव्हती.

इंदुबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या.

"असं ओढू नका, फाटंल," त्या म्हणाल्या. "वालांच्या पातेल्यात टाका. काल तिथं डिंक लगेच सुटला व्हता."